टाके कुठं आहेत?

आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा तलवाड्यातल्या निम्म्या बाया तिला भेटून गेल्या. हातात बिस्किटाचा पुडा आणि नजर आईच्या डोक्यावर. एकदोघींनी तर पदर सारून केसही चाचपले. टाके सापडले नाहीत की त्यांचे चेहरे पडायचे. मेंदूचं ऑपरेशन आणि डोकं जसंच्या तसं? शहरात आम्हाला कुणीतरी टोपी घातली, असं गावानं ठरवून टाकलं.

माझं टाळकं फिरायचं. आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. डॉक्टरांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून शेवईसारखी बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेली आणि फुग्यात नाजूक तारेची वेटोळी भरून तो आतून बंद केला. खूण राहिली ती फक्त जांघेत, तिळाएवढी. मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो. पण 'जांघ' म्हटलं की आई डोळे वटारायची, म्हणून मी 'पायातून' म्हणायचो. पायातून डोक्याचं ऑपरेशन! बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढं एकदा शेजारची सून धुणं धुताना डोकं धरून खाली बसली. उलटी झाली, शुद्ध गेली. शहरात नेल्यावर कळलं, आईला झालं होतं तेच. फुगा पुन्हा फुटायच्या आत बंद करायला हवा, असं डॉक्टर म्हणत होते. नवरा तिथं होता, पण त्या घरात शब्द चालायचा सासूचा. डोकं फोडून पोरगी मारायची नाही, घरी घेऊन ये, असं तिनं फोनवर ठणकावलं.

ते कानावर येताच आई उठली आणि शेजारी गेली. मीही मागोमाग गेलो.

"तुमचं तरी कुठं काय केलंय?" सासू म्हणाली. "एक टाका हाय का डोक्याला?"

आईनं मला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

आईची पोटरीसुद्धा कधी उघडी पाहिल्याचं मला आठवत नाही. मी दाराबाहेर चपलांकडे बघत उभा राहिलो.

दार उघडलं तेव्हा सासूच्या कानाला फोन होता. "करा म्हनावं," ती मुलाला सांगत होती. "टाके नसत्यात. म्या बघितलं."

सून बरी होऊन आली तशा बाया पुन्हा पुडे घेऊन जमल्या. मीही विचारपूस करायला गेलो होतो. सासूनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "तू जरा भायेर बस."