बोहनीची नोकरी

मी आयुष्यात एकही नोकरी स्वेच्छेने सोडलेली नाही. हे वाक्य मी त्या हिवाळ्यात माझ्या प्रत्येक अर्जाच्या आरंभी लिहिले. मायन्याआधी लिहिता आले असते तर तेथेही लिहिले असते. कारण कामगार विम्याच्या कार्यालयातील संगणकाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते, आणि त्या संगणकाला जाब विचारण्याची सोय कोणत्याही खिडकीवर नव्हती.

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी हजेरी कारकून होतो. दवनीवाड्याहून सकाळी निघायचे, हमालांच्या आधी फाटकावर पोचायचे आणि भोंगा होईपर्यंत प्रत्येकाची हजेरी लावायची. तिथेच माझे केस पिकले. मालक वारले तेव्हा त्यांच्या मुलांत वाटणी झाली. मिल कोणालाच नको होती. मिलखालची जागा मात्र सर्वांना हवी होती. एका सकाळी फाटकावर नोटीस लागली. नोटिशीतील चुका मी तिथेच पेन्सिलीने दुरुस्त केल्या, पण त्यामुळे मिल काही उघडली नाही.

वर्षानुवर्षे आमच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जात होती. ज्या विमेदाराचे काम त्याच्या दोषाशिवाय जाते, त्याला काही काळ बेरोजगारीची मदत मिळते आणि तोपर्यंत कुटुंबाचा औषधोपचारही चालू राहतो. हे दान नव्हे. वर्गणी भरली आहे, संकट आले आहे, तेव्हा द्या, इतका तो सरळ व्यवहार आहे. बरोबरच्या अनेकांना हे ठाऊक नव्हते. त्यांचे अर्ज मी लिहून दिले, आणि माझाही लिहिला. मदत सुरू झाली. विम्याच्या दवाखान्याच्या कार्डावर पत्नीच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यासाठी दिवाळीनंतर या, असे डॉक्टरांनी सांगितले. तो डावा डोळा फारच गढूळ झाला होता. सुपातल्या तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढी, आणि तरीही एखादा दाताखाली आला की दोष तांदळाला देई.

दसऱ्याच्या सुमारास आमगावच्या रस्त्यावर एका तरुण व्यापाऱ्याने नवी मिल उभी केली. त्याला हजेरी ठेवणारा जुना माणूस हवा होता. मिल चालू झाली की रुजू व्हायचे, एवढे तोंडी ठरले. नेमणुकीचे पत्र मी मागितले. ते मिल चालू झाल्यावर, असे त्याने सांगितले. हे तर्काला धरून होते, म्हणून मी मान्य केले.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. आमच्याकडच्या मिलांत एक रीत आहे. नव्या यंत्राच्या मोठ्या चाकापासून सांगाड्यापर्यंत लाल-पिवळी मोळी, म्हणजे पूजेचा दोरा, ताणून बांधतात. यंत्र पहिल्यांदा फिरले की ती आपोआप तुटते, आणि ती तुटली की पेढे वाटतात. त्या दिवशी मोळी बांधली, हळद-कुंकू वाहिले, झेंडूचा हार चढवला. पण विजेची मोठी जोडणी अजून आलेली नव्हती, त्यामुळे पेढे डब्यातच राहिले. मुहूर्त मात्र टळता कामा नये. त्या तरुण शेठने टेबलावर लॅपटॉप उघडला, त्यालाही कुंकू लावले, आणि मला हाक मारली.

"बाबूजी, सबसे बुजुर्ग आप हो. बोहनी आपके नाम से होगी. विमे का नंबर बोलो."

दुकानातली पहिली विक्री शुभ हाताने व्हावी, तशी कामगारांच्या यादीतील पहिली नोंद शुभ नावाने व्हावी, असा त्याचा भाव होता. न वाचता अंगठा देऊ नका, असे मी आयुष्यभर हमालांना दटावत आलो. पण मुहूर्ताच्या जागी, हातात नारळ घेऊन, पंधरा माणसांसमोर "नाही" हा शब्द उच्चारणारा मनुष्य आमच्या जिल्ह्यात मी पाहिलेला नाही. मी नंबर सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नव्या मिलच्या जागेच्या कागदांत काही खोट निघाली आणि वीज आलीच नाही. मी चौकशीला जाई, तर फाटकाला कुलूप. चौकीदार म्हणे, "शेठ रायपूरले गेले." शेवटी शेठचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, अब आप अपना देख लो." मी माझे पाहायचे ठरवले. दसऱ्यापासून माझी मदतही थांबली होती; ती पुन्हा का येत नाही ते विचारायला विम्याच्या कार्यालयात गेलो.

खिडकीतील लिपिकाने पडद्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"काकाजी, सिस्टम में तो तुमची नोकरी दिखती है. दसऱ्याला लागले, दिवाळीच्या आधी सोडून दिली. शेठनं कारण लिहिलं आहे, स्वेच्छेने. अपनी मर्जी से छोड़ने वाले को मदत नहीं मिलती."

"मी एक दिवसही काम केलेले नाही. मला वेतन मिळालेले नाही. ती मिल चाललेलीच नाही."

"तो फिर नंबर कायले दिला?"

"बोहनी होती," मी म्हणालो.

लिपिक हसला. माझ्यामागे रांगेत उभा असलेला एक जण मोठ्याने म्हणाला, "काकाजीनं बोहनी केली अन् दुकानच बसलं! उद्या माह्या दुकानाकडं येजा नोको." सगळी रांग हसली. मलाही हसू आले असते, पण त्या क्षणी मला दवाखान्याचे कार्ड आठवले. मदत गेली म्हणजे कार्ड गेले, आणि कार्ड गेले म्हणजे डावा डोळा गेला.

"नकार लेखी द्या," मी म्हणालो.

"लेखी कौन देता है, काकाजी?"

"ज्याला नकार देण्याचा अधिकार आहे तो देतो. ज्याला तो अधिकार नाही, त्याने नकार द्यायचा नसतो."

त्याने पुढच्याला हाक मारली. मी बाकावर बसलो, पिशवीतून कोरे कागद काढले आणि गुडघ्यावर फळी ठेवून अर्ज लिहिला. आवक शाखेतून पोचशिक्का घेतल्याशिवाय मी उठलो नाही. शिपायाने दिवे बंद केले तेव्हा माझ्या प्रतीवर शिक्का होता.

घरी आल्यावर पत्नीला सर्व सांगितले. लपवण्यासारखे काही नव्हते, आणि असते तरी तिच्यापासून लपले नसते.

"मी एका डोळ्यानं पाहून राहिली तं काय झालं?" ती म्हणाली. "तुमाले तं दोन हायेत, तरी शेठ नाही दिसला."



पुढे मी अर्ज लिहीत राहिलो. शाखेला, नागपूरला वरिष्ठांना, आणि शेठलाही. माझी मागणी साधी होती: ती नोंद खरी आहे की खोटी, हे ठरवण्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहावे. उत्तरे येत. प्रकरण संबंधितांकडे पाठवले आहे, असे एक पत्र आले. मी संबंधितांना लिहिले, तेव्हा ते म्हणाले, आम्ही संबंधित नाही. दवाखान्याने डोळ्याची तारीख एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी नर्सने पत्नीला विचारले, "आजी, कार्ड कब चालू होगा?" पत्नी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याइले विचारा. हे त्याइच्याशी भांडून राहिले."

शेठला पाठवलेल्या पत्राचा मात्र परिणाम झाला. तो स्वतः दवनीवाड्याला आला, ओसरीवर बसला, चहा प्याला.

"बाबूजी, बात को क्यों बढ़ाते हो? मी लिहून देतो की एक महिना काम केलं, मग मीच काढून टाकलं. कंप्यूटर में भी सुधार देता हूँ. मदत चालू, काकीजींचा डोळा चालू. कहानी खतम."

कागद त्याने टाइप करूनच आणला होता. मी तो वाचला. त्यात माझे काम होते, माझी हजेरी होती, माझे वेतनही होते. फक्त त्यातील एकही गोष्ट घडलेली नव्हती.

"मी जिथे लागलोच नाही तिथून तुम्ही मला काढणार कसे?" मी म्हणालो. "एका खोट्या नोंदीने माझा हक्क गेला. तो मी दुसऱ्या खोट्या नोंदीने परत घेणार नाही. उद्या कोणी तपासले तर या कागदावर सही माझी असेल, आणि हमालांना सांगायला मला तोंड उरणार नाही."

"काकीजी, आप समझाओ," शेठ म्हणाला.

पत्नी चुलीजवळ होती. तिने चुलीतली लाकडे पुढे सारली. तिच्या उत्तराची मला शेठच्या कागदापेक्षा जास्त भीती वाटली, कारण डोळा तिचा होता, आणि तिने "सही करा" म्हटले असते तर मी काय केले असते हे मला आजही ठामपणे लिहिता येत नाही.

"नोको," ती शेवटी म्हणाली. "याइनं खोटी सही केली तं रात्रभर झोपनार नाहीत अन् मलेबी झोपू देनार नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन डोळा आता तुमच्या कायद्यानंच उघडा. मले दुसरं काही ऐकाचं नाही."

शेठ कागद घडी करून निघून गेला. त्याच दिवशी मी नागपूरला आणखी एक पत्र धाडले. त्यात विनंतीचा स्वर पूर्णपणे काढून टाकला होता. तपासणी होणार की नाही ते लेखी कळवा. न कळवल्यास अपील कोठे करायचे ते कळवा. तेही न कळवल्यास, न कळवण्याचा निर्णय कोणी घेतला त्याचे पद कळवा.

तपासणी झाली. निरीक्षक एक तरुण बाई होत्या. मिलच्या फाटकावर त्यांची गाडी थांबली तेव्हा मी कागदांची पिशवी घेऊन तयार होतो. दोन्ही बाजूंना धानाची कापणी उरकली होती आणि बांध्यांत नुसते खुंट उभे होते. चौकीदाराने कुलूप उघडले, पण स्वतः आत यायला तयार होईना. "आतमधी साप निघते, मॅडमजी. मी तं कधी जातच नाही."

"काका, मिल चालली नाही हे कशावरून म्हणता?" आत शिरता शिरता बाईंनी विचारले.

मी कायद्यापासून सुरुवात केली. काम करणे, वेतन मिळणे आणि मालकाचे नियंत्रण असणे, या तीन गोष्टींशिवाय नोकरी अस्तित्वात येत नाही, हे मी सांगत होतो. दुसऱ्या मुद्द्यावर आलो आणि मध्येच थांबलो.

मोठ्या चाकावर मोळी तशीच होती. चाकापासून सांगाड्यापर्यंत ताणलेली, रंग उडालेली, तिच्यावर कोळ्याने आडवेतिडवे जाळे विणलेले. शेजारी झेंडूच्या हाराचा काळा पडलेला वळसा होता आणि चाकावर कुंकवाची बोटे.

"तुमचा तिसरा मुद्दा?" बाई म्हणाल्या.

"तिसरा मुद्दा हा," मी म्हणालो, आणि दोऱ्याकडे बोट केले. आमच्याकडची रीत मी त्यांना सांगितली. हे चाक एकदा जरी फिरले असते तर हा दोरा उरला नसता.

बाई वाकल्या. त्यांनी मोळीखाली बोट घातले, पण ओढले नाही. "नंतर कोणी नवी बांधली असेल तर?"

बाहेरून चौकीदार ओरडला, "कोन बांधंल, मॅडमजी? कुलपाची चाबी माह्यापाशी हाय. अन् कोळी काय माह्या पगारावर हाय का, जाळं विनून द्यायले?"

बाई हसल्या. त्यांनी मोळीचे, जाळ्याचे आणि विजेच्या रिकाम्या पेटीचे फोटो घेतले, चौकीदाराचा जबाब घेतला. मग मला विचारले, "पण तुमच्यासारख्या माणसाने नंबर दिला कसा?"

"मुहूर्त होता. नाही म्हणवले नाही."

"हे जबाबात लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. "खरे आहे."

आदेश आला तेव्हा पहाटे धुके पडत होते. नोकरी अस्तित्वातच आली नव्हती, म्हणून ती सोडल्याची नोंद रद्द, उरलेल्या काळाची मदत पुन्हा चालू, कार्ड चालू. पत्नीला मी तो ओळ न् ओळ वाचून दाखवला. दोन आठवड्यांच्या आत तिच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी येताना तिने काळा चष्मा लावला होता आणि बसमध्ये सगळ्यांकडे टक लावून पाहत होती.

मात्र आदेशाच्या शेवटी एक वाक्य होते: "अर्जदाराच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून." ते मला झोपू देईना. मी परिस्थिती मांडली नव्हती, मी पुरावा मांडला होता. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या माणसाजवळ सहानुभूती वाटेल असा चेहरा नसला तर त्याचे काय व्हावे? मी फळी गुडघ्यावर घेतली.

"आता काऊन लिहून राहिले?" पत्नीने विचारले. "भेटलं ना सारं?"

"एक वाक्य काढायचे राहिले आहे."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला. पहिली ओळ तिने सावकाश, अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. मी आयुष्यात एकही नोकरी स्वेच्छेने सोडलेली नाही.

"अक्षर तं लयच बारीक हाये तुमचं," ती म्हणाली. "इतकी वर्सं मले वाटे, डोळ्याचाच दोष हाये. त्या साहेब लोकाइले तरी कसं वाचता येत असंल?"

मी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला, आणि तेच पत्र पहिल्यापासून मोठ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली.