चमचा म्हणजे चमचाच

अर्धांगाच्या झटक्यानंतर पप्पांकडे एकच शब्द उरला होता, चमचा. दिवसातून दहादा ते खिडकीकडे बघत तो म्हणायचे, आणि आई हातातलं काम टाकून स्टीलचा चमचा घेऊन यायची, वरणभात कालवून भरवायची. पोट भरलेलं असलं तरी पप्पा दोन घास निमूट खायचे. उजवा हात लुळा पडला होता, आणि डाव्या हाताने खायची वेळ आईने त्यांच्यावर कधी येऊ दिली नाही.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई अंबरनाथहून यायच्या. त्या चित्रं दाखवायच्या, ताट, पेला, कुलूप. पप्पांचं उत्तर ठरलेलं. "होतं असं," बाई म्हणाल्या, "एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो. त्याला अर्थ असेलच असं नाही." त्या गेल्यावर आईने मला विचारलं, "मग ह्यांना आपण तरी कळतो का गं?" त्या हिवाळ्यात मी घरून काम करत होते. लॅपटॉपमधून मान वर न करता मी म्हणाले, "कळत असेल." खरं तर मला त्या प्रश्नाची भीती वाटत होती.

पप्पांनी आनंदनगरच्या एका कंपनीत फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं. तिथले एक जुने सहकारी एका रविवारी भेटायला आले. हे गृहस्थ कंपनीत साहेबांचे चमचे म्हणून प्रसिद्ध होते. साहेब शिंकले तर हे रुमाल काढायचे, आणि पप्पा घरी जेवताना त्याची हुबेहूब नक्कल करायचे. पाहुणे खिडकीकडे पाठ करून बसले. तब्येतीची चौकशी सुरू केली, तोच पप्पांनी डावा हात उचलून थेट त्यांच्या दिशेने बोट केलं. "चमचा!"

इतका खणखणीत उच्चार आजारपणात पहिल्यांदाच ऐकला. पाहुण्यांचा चेहरा पडला. "बरंय वहिनी, येतो मी," म्हणत ते अर्धा चहा टाकून उठले. सवयीने चमचा घेऊन आलेली आई दारातच थबकली.

मला हसू येत होतं, पण लाज जास्त वाटली. मी पप्पांवर ओरडले, "काय हे, पप्पा! घरी आलेल्या माणसाला असं बोलतात का? त्यापेक्षा गप्प बसा ना." ते गप्प बसले. दोन दिवस तो एक शब्दसुद्धा बोलले नाहीत. मला हवी तशी शांतता मिळाली आणि ती मलाच सहन होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले. माफी कशी मागायची ते सुचेना, म्हणून नुसतीच त्यांच्या उशीला टेकून बसले. आमचं घर बदलापूरला, उल्हास नदीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या ग्रिलला आईने दोरी बांधलेली, त्यामुळे उभं राहिलं की दिसतात ते फक्त वाळत घातलेले कपडे. पलंगावर बसल्यावर मात्र कपड्यांच्या खालून नदीचा एक पट्टा दिसत होता. हे मला इतक्या दिवसांत माहीतच नव्हतं.

उथळ पाण्यात पाच-सहा पांढरे पक्षी चालत होते. बगळे असतील म्हणून मी सोडून देणार होते. पण बगळा दबा धरून एकदम चोच मारतो. हे तर चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे फिरवत होते, सरबत ढवळावं तसं. मोबाईलचा कॅमेरा झूम केला. चोच लांब, काळी आणि टोकाला चपटी, गोल.

पप्पांचं गाव उजनीच्या पाण्याकाठी आहे. तिथल्या काकांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन आला. "आगं, चमचा हाय त्यो! थंडीत लई येत्यात आपल्याकडं. तुझा बाप शाळा बुडवून बघत बसायचा त्येंना."

मी खिडकीकडे बोट करून म्हणाले, "पप्पा, चमचा." वर्गातल्या ढ मुलीला शेवटी गणित सुटल्यावर मास्तर बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, "त्यांना सगळं कळतं, आई." ती ओल्या हातांनीच कपड्यांची दोरी सोडायला गेली.

पाहुण्यांना खुलासा करायचा राहून गेला. चमचा तुम्हाला नव्हे, पक्ष्याला म्हणाले, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

मग घराला नवीन सवय लागली. पप्पा चमचा म्हणाले की मी मीटिंग सोडून, आई गॅस बारीक करून, खिडकीशी धावायचो. ऊन तापायला लागलं तसे पक्षी कमी झाले. एका सकाळी आईने शिऱ्याची बशी पप्पांपुढे ठेवली आणि ती कुकर बघायला आत गेली. "चमचा," पप्पा म्हणाले. आम्ही दोघी धावलो. नदी रिकामी होती. "कुठंय हो? मला नाही दिसत," आई ग्रिलला नाक लावून विचारत होती. "चमचा," ते पुन्हा म्हणाले, जरा वैतागून. मी वळून बघितलं. ते खिडकीकडे बघतच नव्हते. ते निवत चाललेल्या शिऱ्याकडे बघत होते.

आई हसत हसत आत गेली, तिने चमचा आणला, भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. पप्पांनी डाव्या हाताने तो तिच्या हातातून काढून घेतला.