दुसऱ्या ओळीपर्यंतचा आवाज

माझ्या मामांना खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. मामीने हौसेने नवा चष्मा आणला तेव्हा ती आरशासमोरून हलायच्या आत मामा म्हणाले होते, "जुना बरा होता." नातेवाईक त्यांना नवं घर दाखवायला घाबरत. शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि एखाद्या मुलाने उत्तर बरोबर काढलं पण कसं काढलं ते सांगता आलं नाही, तर त्याला पुन्हा फळ्यापाशी उभं करायचे. देव आहे का, याचं उत्तरही त्यांनी असंच स्वतःपुरतं सोडवून ठेवलं होतं. नाही, असं ते उत्तर होतं.

तरीही दर आठवड्याच्या प्रार्थनेला मंडळाच्या हॉलचं कुलूप मामाच उघडायचे.

याला कारण मामी. ती मनापासून मानणारी होती आणि एका कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नसे. प्रार्थनेहून आली की कुरकुरायची, त्या हॉलमध्ये माणसाच्या आधी भिंतच बोलते, शब्दाचं शेपूट तेवढं हाती लागतं. मामांना देवाशी देणंघेणं नव्हतं, पण भिंत मधे मधे बोलते हे त्यांना खपेना. रिकाम्या हॉलमध्ये जाऊन ते कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवत फिरले. झाडणाऱ्या बाईंना वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. मग त्यांनी मागच्या भिंतीवर जाड पडदे लावून घेतले, छताला टांगलेले स्पीकर खाली उतरवून ओळींच्या जवळ आणले आणि आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरच्या टेबलापाशी एक खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी दुसऱ्या ओळीत बसलेल्या मामीला अख्खी प्रार्थना ऐकू आली. तिने वळून मामांकडे पाहिलं. तेव्हापासून ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

मामी गेली त्याला तीन वर्षं झाली. मामा येतच राहिले. यंत्र नवख्याच्या हाती देता येत नाही, असं ते सांगत. खरं म्हणजे त्या खुर्चीवरून दुसरी ओळ समोर दिसते, आणि त्या ओळीत मामीच्या जागेवर तिच्या शेजारी बसणाऱ्या, शिवणाचं दुकान चालवणाऱ्या टेलरमावशी आपली पिशवी ठेवतात, म्हणजे तिथे दुसरं कुणी बसू नये. हे मामा कधी बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

आता माझं सांगते, कारण गोंधळ माझ्यामुळे झाला. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि विज्ञान शिकलेली माणसं धर्माशी कशी वागतात यावर माझं काम चालू आहे. आमच्या विषयात यावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, विज्ञान आत आलं की श्रद्धा मागच्या दाराने निघून जाते. दुसरा म्हणतो, तसं काही नाही, दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत सुखाने राहतात. मी जन्मात एकदाच शहाणपणा करायचं ठरवलं आणि प्रश्नावली आधी घरच्या माणसावर तपासून पाहिली. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मिक्सरच्या टेबलापाशी बसून मी मामांना विचारलं, प्रार्थनेला किती वेळा येता? दर आठवड्याला, मामा म्हणाले. देव मानता का?

"नाही," मामा म्हणाले. शिक्षकाचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यातून त्यांनी नुकताच माईक तपासला होता आणि तो चालूच होता.

ते "नाही" चारही स्पीकरमधून अतिशय स्वच्छ आलं. भिंतीने मधे एक शब्द काढला नाही.

तसं पाहिलं तर ही बातमी नव्हती. मामा मानत नाहीत हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. न बोललेल्या गोष्टीवर माणसं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसू शकतात, हे मला माझ्या दोन्ही तटांनी शिकवलं नव्हतं.

मंडळाच्या नव्या सेक्रेटरींना आता गप्प बसणं शक्य नव्हतं. एरवी सज्जन माणूस, विम्याच्या ऑफिसात काम करतो, नियमाशिवाय पाणी पीत नाही. त्यांनी कमिटीत ठरवून घेतलं, की हॉलमध्ये ज्याच्याकडे काही काम आहे त्याने सगळ्यांसमोर उभं राहून, मी मानतो, एवढं म्हणावं. मग ते मामांच्या घरी येऊन गयावया करू लागले. नुसतं हो म्हणा मास्तर, हवं तर माईक बंद ठेवून म्हणा.

"हो म्हणालो तर ते खोटं होईल," मामा म्हणाले. "माईक बंद ठेवून म्हणालो तर ते भित्रं खोटं होईल."

आणि त्यांनी हॉलची किल्ली काढून दिली.

पुढच्या प्रार्थनेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावले. मामा इस्त्रीचे कपडे घालून, पायात बूट चढवून दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, कुठेच नाही. देव नसलेल्या माणसाकडून आपण देवाचं घर काढून घेतलं, असं मला वाटलं, आणि प्रश्नावली फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही. कॉलेजला दाखवायची होती.

त्याच संध्याकाळी मी हॉलवर गेले. मिक्सरवर सेक्रेटरी स्वतः बसले होते. मामांनी बटणं जिथे ठेवली होती तिथेच होती आणि माझ्या मते आवाज उत्तम होता. पण प्रार्थना सुरू झाली आणि टेलरमावशींनी कानामागे हात नेला.

"ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या शेजारणीलाही येईना. मग तिच्या शेजारणीला. बघता बघता दुसरी ओळ साफ बहिरी झाली. सेक्रेटरींनी आवाज वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, पहिल्या ओळीतल्या लोकांनी कानांत बोटं घातली, आणि दुसरी ओळ शांतपणे एकमेकींना विचारत राहिली, की आज सुरुवात कधी होणार. सेक्रेटरी घामाघूम होऊन जवळ गेले आणि ओरडून म्हणाले, मास्तर मानत नाहीत, हे तुम्हाला चालतं का? टेलरमावशी म्हणाल्या, चालायचं कशाला, बसलोच आहोत की.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ही साथ तिसऱ्या ओळीत पोचली. तिथे तर तरणीताठी माणसं बसतात. पण खरा घाव घरात बसला. सेक्रेटरींची आई दुसऱ्या ओळीतलीच. त्या माउलीला घरीही ऐकू येईनासं झालं, आणि तेही फक्त मुलाचं. सुनेचं सगळं ऐकू यायचं.

शेवटी सेक्रेटरी किल्ली घेऊन मामांच्या दारात उभे राहिले. काहीही म्हणू नका, ते म्हणाले, फक्त त्या बायकांना ऐकू येऊ द्या. मामा बूट घालूनच बसले होते.

हॉलमध्ये येऊन त्यांनी सगळं तपासलं. तारा ओढून पाहिल्या, स्पीकरला कान लावले, एकदा टाळीसुद्धा वाजवली. दोष सापडेना. कपाळाला आठ्या घालून ते दुसऱ्या ओळीपाशी गेले. मी मागोमाग होते. बाई, त्यांनी टेलरमावशींना विचारलं, नक्की काय ऐकू येत नव्हतं? शब्द तुटत होते, की घुमत होते?

"सगळं स्वच्छ ऐकू येत होतं," मावशी म्हणाल्या.

ज्या बाई पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक घेतल्याशिवाय दुकान उघडत नाहीत, त्यांनी दोन आठवडे देवाच्या दारात बसून, अख्ख्या ओळीला घेऊन, खोटं बोलावं, हे मामांना झेपेना. आणि तेही एक खोटं बोलायला नकार दिलेल्या माणसासाठी.

"तुमच्यात हे पाप धरतात ना?" मामांनी हळू विचारलं.

"धरतात," मावशी म्हणाल्या. शेजारच्या जागेवरची पिशवी त्यांनी जरा नीट केली. "ते आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही आवाजाचं बघा."

उत्तर चुकीचं आहे हे मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते कसं चुकीचं आहे हे फळ्यावर मांडून दाखवणं मात्र त्यांना जमलं नाही. ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग माईक चालू केला आणि नेहमीसारखं विचारलं, "दुसऱ्या ओळीला ऐकू येतंय का?"

"येतंय, मास्तर," सगळी ओळ म्हणाली.