बोगद्यातला हात

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा सांडाल. ही फजिती मी डोंबिवलीत अजून कुणाला सांगितलेली नाही!

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. नागपूरला मेहुण्याचं लग्न होतं. बायको आधीच माहेरी गेलेली. कचेरीतले सबनीस म्हणाले, "अहो, विमानानं जा की!"

"विमान? त्यापेक्षा सेकंड क्लासनं ऐटीत जाईन आणि वाचलेल्या पैशात नवरीला साडी घेईन!"

कल्याणला गाडी पकडली. डब्यात मी आणि पांढऱ्या धोतरातले एक म्हातारे. बस्स.

"एकटेच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बोगद्यात या डब्याचे दिवे लागत नाहीत. हात सांभाळा. मागे एकाचा हात इथंच राहिला."

"राहिला म्हणजे?"

ते नुसतेच हसले आणि कसाऱ्याला उतरून गेले.

भर दुपार, पण घाटात दाट धुकं. खिडकीबाहेर दरी दिसेना. मी उजवा हात उशाला घेतला आणि डोळे मिटले.

जाग आली ती मिट्ट काळोखात. बोगदा! आणि माझ्या छातीवर... हात!

डाव्या हातानं चाचपला. थंडगार. बोटं दाबली, हूं नाही की चूं नाही. एका बोटात अंगठी. अगदी माझ्यासारखीच! सगळं बळ एकवटून तो झटकला, तर परत येऊन मांडीवर पडला!

ओढली साखळी!

गाडी बोगद्यातच थांबली. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. लांबून एक कंदील डुलत डुलत आला. मागोमाग गार्ड.

"काय झालं?"

"मेलेला हात! माझ्या मांडीवर!"

त्यानं कंदील वर केला. हात पाहिला, मग मला पाहिलं.

"साहेब, हा वर खांद्यापर्यंत तुमचाच आहे. डोक्याखाली दबून बधिर झालाय."



"विनाकारण साखळी ओढलीत. पन्नास रुपये दंड."

तिकीट अधिक दंड. अंधारातच बेरीज केली. विमानाच्या वर गेली! साडी राहिली बाजूला.

"इथं सही करा."

करतोय कसली? हात उचलेना, पेन बोटांतून गळून पडलं. गार्डनं सुस्कारा सोडला, कंदिलाची काजळी माझ्या अंगठ्याला फासली आणि त्यानंच तो धरून कागदावर दाबला.

मी बी.ए. हो! कचेरीत लोकांच्या सह्या तपासणारा माणूस! आणि त्या अंगठ्याखाली गार्डनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रवासी निरक्षर.'