पिंप्राळ्यातली मोरांची कमान

पंडित मिस्तरी रस्त्यानं चालायचा तेव्हा त्याचं लक्ष माणसांकडे नसायचं, खिडक्यांकडे असायचं. नव्वद सालाच्या आगेमागे जळगावात कॉलन्या अशा उठत होत्या की विचारता सोय नाही, आणि जिथं जावं तिथं तीच जाळी. चार गज उभे, दोन आडवे, मध्ये बाजारातून आणलेलं एक ओतीव फूल डकवलेलं. मिस्तरी थांबायचा, जाळीकडे नाक मुरडून बघायचा आणि म्हणायचा, "हाई काम शे का?" सोबत कोणी नसलं तरी म्हणायचा.

त्याचा बाप धुळ्याचा लोहार. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणं हा त्याचा रोजचा धंदा, पण हौशी गिऱ्हाईक आलं तर जिन्याच्या कठड्यावर तापल्या लोखंडाची वेल अशी चढवून द्यायचा की माणूस आधार सोडून पानंच चाचपत राही. ती विद्या पंडितच्या हातात उतरली होती. उपयोग काय? जळगावात येऊन त्यानं भट्टी मांडली तर लोक विचारायचे, "किती दिवस लागतील?" दिवस ऐकले की पुढच्या वेल्डिंगच्या दुकानात जायचे. शेवटी त्यानंही वेल्डिंगचं मशीन आणलं, पोटासाठी जाळ्या ठोकायला लागला, आणि भट्टीवर पत्रा टाकला. दुसऱ्यांच्या जाळ्या पाहून त्याला कीव यायची, पण स्वतःची केलेली जाळी दिसली की अंगाची लाही व्हायची. अकरा वर्षं अशीच गेली.

बाराव्या वर्षी पितांबर नाना आला. यावलकडचा केळीवाला. केळीनं हात दिला तसा त्यानं जळगावच्या पिंप्राळ्यात बंगला बांधला होता. जमिनीपासून सात पायऱ्या उंच ओटा, आत रंगीत टीव्ही, आणि टीव्हीवर भरतकामाचा रुमाल. नानाला सगळं शेजाऱ्यापेक्षा चार बोटं जास्त हवं असायचं. शेजाऱ्यानं गच्चीवर एक गरुड बसवला म्हणून नानानं दोन सिंह बसवले होते, आणि ते सिंह आजारी कुत्र्यांसारखे दिसत होते. मिस्तरीनं पहिल्या भेटीतच मनात त्याच्या नावानं आंघोळ करून टाकली.

"ओट्याला चारी बाजूंनी कठडा पाहिजे," नाना म्हणाला. "आणि पायऱ्यांच्या तोंडाशी, वरच्या अंगाला कमान. कमानीत दोन मोर, चोचीला चोच लावलेले. असं काम गावात दुसरं दिसता कामा नये."

बाकीच्या बोलण्यावर मिस्तरीचं लक्षच राहिलं नाही. त्यानं घरी जाऊन भट्टीवरचा पत्रा काढला.

दोन महिने तो त्या मोरांच्या मागे होता. एकेक पीस वेगळं तापवलं, ठोकून पातळ केलं, टोकाला वळण दिलं. एका मोराला बेचाळीस पिसं, दुसऱ्यालाही बेचाळीस, आणि दोन्ही पिसारे असे की वारा आला तर हलतील असं वाटावं. नटबोल्टला त्यानं हात लावला नाही. नटबोल्ट म्हणजे त्याच्या लेखी आळशी माणसाची सोय. सगळं काम लाल तापवून आणि रिवेट मारून एकजीव केलेलं. बायको भिकुबाई म्हणाली, "एवढा जीव ओतून करी ऱ्हायनात, त्या माणसाले समजणार शे का?" मिस्तरी म्हणाला, "त्याले नको समजू. रस्त्यानं जाणाऱ्या शंभरात एकाले समजलं तरी मन्ही भट्टी पेटती ऱ्हाई." एवढंच त्याला हवं होतं. हा कठडा उभा राहील, लोक बघतील, आणि पुन्हा जाळ्या ठोकायची वेळ येणार नाही.

आषाढात बसवायचा दिवस आला. नानानं तोवर पत्र्यात कापलेली अक्षरं आणून ठेवली होती, बंगल्याचं नाव, 'कानबाई कृपा'. ती मोरांच्या चोचींखाली टांगायची होती. मिस्तरीनं अक्षरांकडे पाहिलं. सोनेरी रंग, त्यावर लाल कड. बेचाळीस पिसांच्या मोरांच्या गळ्यात ही पाटी. तो उंची मोजायला गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की कमान ठरल्या जागी बसवली तर पाटीखाली जेमतेम साडेसहा फूट राहतात.

"नाना, कमान दोन फूट वर घेऊ," तो म्हणाला.

ओट्यावर नानाचे दोन व्याही चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे बघत नाना हसला. "मिस्तरी, वर घेतली तर रस्त्यावरून नाव कोण वाचणार? तुम्ही ठोकायचं काम करा. डोकं चालवायला आम्ही आहोत."

व्याही हसले. मिस्तरीच्या जिभेवर कारण आलं होतं. खानदेशातल्या कोणालाही ते सांगावं लागू नये. महिन्याभरात श्रावण येणार, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसणार. नारळाचा मुखवटा, नथ, शालू, चौरंग, वर केळीच्या खुंटांचा मांडव. सोमवारी सकाळी ही देवी, म्हणजे आई, दाराबाहेर डोक्यावर घ्यायची आणि मग नदीशिवाय खाली टेकवायची नाही. डोक्यावरची आई मांडवासकट साडेसहा फुटांतून कशी जाणार? एवढं वाक्य होतं. ते मिस्तरीनं गिळलं. चालव म्हणाला मनात, चालव तुझं डोकं. त्यानं कमान सांगितली तिथंच बसवली, पायऱ्यांच्या दोन्ही खांबांना एकजीव केली, आणि घरी जाताना तो बऱ्याच दिवसांनी खुशीत होता.

गंमत म्हणजे काम गाजलं. लोक स्कूटर थांबवून मोर बघायचे. जामनेरच्या एका माणसानं मिस्तरीचा पत्ता विचारला आणि दिवाळीनंतर जिन्याचा कठडा करून घेईन म्हणाला.

श्रावणातला तो सोमवार उजाडला. मिस्तरीच्या दोन खोल्यांच्या घरातून त्याची कानबाई सकाळीच गेली, भिकुबाईच्या डोक्यावरून, कुठं अडली नाही. तो कपाळाला गुलाल लावून नदीवरून परतत होता तेवढ्यात नानाचा पुतण्या स्कूटर घेऊन समोर आला. "मिस्तरी, हत्यारं घेऊन चला. लगेच."

बंगल्यासमोर भाऊबंद जमले होते. वाजंत्री गप्प होती. ओट्यावर नानाची बायको कुंदाबाई आईला डोक्यावर घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर मोर चोचीला चोच लावून उभे. ओट्याला चारी बाजूंनी कठडा, बाजूनं उतरायला जागा नाही. वाकून काढावी तर चौरंग कलंडणार. परत घरात न्यावी तर चौकट आडवी येई. आणि खाली टेकवायची नाही, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

"उतरवा लवकर कमान," नाना म्हणाला. त्याच्या आवाजातली ऐट पार गेली होती. "नट ढिले करा."

"नट नाहीत," मिस्तरी म्हणाला.

वेल्डिंगवाल्या कुठल्याही फडतूस मिस्तरीनं ही कमान नटबोल्टांवर बसवली असती, आणि ती पाच मिनिटांत पान्यानं सुटली असती. मिस्तरीच्या मनात हे आलं आणि त्यानं ते तिथंच दाबलं. गॅसकटर आणावा तर ठिणग्या आईच्या शालूवर. छिन्नी मारावी तर खांब हादरणार. राहिली हातकरवत.

तो स्टुलावर चढला. आधी पाटी खाली आली, ती त्यानं न बघता फेकली. मग पहिल्या मोराच्या पायापाशी पातं लावलं. लोखंड चांगलं होतं, त्यानं स्वतः निवडलेलं, चटकन कापलं जाईना. खाली बायका पाळीपाळीनं आईला एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर घेत होत्या. अर्ध्या तासानं एक पिसारा निखळला, दोघांनी धरूनही पायरीवर आपटला, आणि अकरा-बारा पिसं वाकली, काही तुटून पडली. मिस्तरीनं पातं बदललं आणि दुसऱ्या मोराला लागला. घाम डोळ्यांत जात होता. जामनेरच्या माणसाला आता काय दाखवायचं, हे त्याला करवतीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर कळत होतं.

कमान गेली. वाजंत्री सुरू झाली, आई पायऱ्या उतरली, भाऊबंद मागे गेले. नाना जाता जाता व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "मिस्तरीनं माप चुकवलं." मिस्तरीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाकडून त्याची दुसरी अपेक्षाच नव्हती.

कुंदाबाई मागे राहिली होती. एवढा वेळ भार पेलून तिची मान अवघडली होती, म्हणून ती पायरीवर जरा टेकली. तीही धुळ्याकडची. तिनं वाकलेलं एक पीस उचललं, बोटानं त्याचं वळण चाचपलं आणि मिस्तरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमना कपायले गुलाल शे," ती म्हणाली. "तुमना घर बी कानबाई बठस."

"बठस," मिस्तरी म्हणाला.

"मंग तुमले माहीत व्हतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं ते पीस बाकीच्या पिसांत ठेवलं, पदर सावरला आणि वाजंत्रीच्या मागे निघून गेली. मिस्तरीनं करवत खाली ठेवली. मग त्यानं कपाळावरचा गुलाल पुसला.