येरळेच्या वाळूत गाडी कोणी काढली?

मी फिटर माणूस. सांगलीत ऑइल इंजिनच्या वर्कशॉपमध्ये माझी उमेदवारी झाली. भूतखेत, अंगात येणं, करणी... हे सगळं मी हसण्यावारी नेत आलो, आणि आजही कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जातो. तरीही हे लिहितोय, कारण हे मी ऐकलेलं नाही. मी तिथं होतो.

युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, ब्रह्मदेशातून परत आले होते. मिलिटरीत मोटर मेकॅनिक. गाव कडेगावच्या बाजूला, तेव्हा सगळं साताऱ्यातच मोडायचं. घरी ऊस, बैलं, सगळं होतं, पण दाजींना एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचे, बांधापर्यंत जाऊन यायचे. अक्का म्हणायची, "शरीर आलंय, मानूस अजून वाटंवरच हाय."

त्यातच त्यांनी पुण्याकडच्या डेपोतून, लिलावात निघालेला एक मिलिटरी ट्रक आणला. तीन टनी, बंद पडलेला. तिथून दुसऱ्या लॉरीमागं बांधून ओढत आणला आणि घरामागच्या चिंचेखाली लावला.

"धंदा करणार का दाजी?" मी विचारलं.

"न्हाई रं. नुसती चालू करायची हाय."

मी सुट्टीच्या आदल्या दिवशी सांगलीहून सायकलनं मुक्कामाला जायचो. इंजिन उतरवलं, बॅटरी काढली, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. दाजींचे हात कामात असले की त्यांची ती तगमग जरा कमी व्हायची.

आधी लक्षात आलं ते अक्काच्या. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. ती केबिनमधली धूळ पुसायला चढली आणि तिथूनच ओरडली, "आत्ता कोन उठलं हितनं?"

कुणीच नाही. दाजी आणि मी विहिरीवर अंघोळ करत होतो.

मी जाऊन हात लावला. ड्रायव्हरची सीट गरम होती. माणूस नुकताच उठून गेल्यावर असते ना, तशी. शेजारची सीट गार, स्टिअरिंग गार, दवानं भिजलेलं बॉनेट गार. ऊन अजून चिंचेच्या शेंड्यालाही पोचलं नव्हतं. इंजिन तर पोत्यावर सुटं पडलेलं!

मी म्हटलं, मांजर झोपत असेल. पुढच्या वेळी रात्री ताडपत्री घट्ट बांधली. सकाळी सीट गरम. गादीतला भुसा काढून नवा काथ्या भरला... तरी गरम. ऊन वर आलं की ही ऊब निघून जायची. दाजी आधी हसले, मग हसायचे थांबले. एक गोष्ट मला खटकायला लागली - ते त्या सीटवर बसतच नव्हते. ब्रेक बघायचा तरी फुटबोर्डवर उभं राहून पाय आत घालायचे.

फाल्गुनात इंजिन बसलं, सुरू झालं. सुंदर आवाज! पण दाजींनी गाडी चिंचेखालून हलवली नाही. "बघू उद्या," म्हणायचे.

ती चैत्रातली दुपार होती. दाजींचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, नव्या विहिरीवर होते. सुरुंग उशिरा उडाला आणि एक धोंडा त्यांच्या पायावर आला. गुडघ्याखाली पायाचा चेंदामेंदा झाला होता. पटका फाडून मांडीला आवळून बांधला, तरी रक्त थांबेना. दवाखाना मिरजेला. बैलगाडीनं ते पोचले नसते.

तात्यांना ट्रकमध्ये मागं गोधडीवर निजवलं. अक्का त्यांचा पाय धरून बसली. मी हँडल मारून इंजिन सुरू केलं. दाजी दार धरून उभेच. मी ओरडलो, "दाजी, बसा की!"

त्यांनी रिकाम्या सीटकडं बघितलं आणि मिलिटरीतल्या हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाले, "उस्ताद, थोडा सरको. बाप को लेके जाना है."

आणि बसले. मी डाव्या बाजूला. आमच्या दोघांच्या मधे जागा रिकामी होती, पण माझ्या उजव्या मांडीला सारखी ऊब लागत होती. मी एकदाही तिकडं बघितलं नाही.

तासगावच्या रस्त्याला लागायचं तर येरळा नदी ओलांडायची. पात्रात पाणी नव्हतं, नुसती वाळू. मध्यावर मागची चाकं रुतली. दाजींनी गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरले. आम्ही दोघं हातांनी वाळू उपसून चाकांखाली बाभळीच्या फांद्या घालायला लागलो. फांद्या घालून झाल्या आणि गिअर पडल्याचा आवाज झाला. तो आवाज मी ओळखतो. इंजिनचा आवाज चढला, चाकांनी फांद्या धरल्या, मी मागून खांदा लावला. मला वाटलं दाजी केबिनमध्ये चढले. शेजारी बघतो तर दाजींचाही खांदा लागलेला, तोंड वाळूनं भरलेलं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "गाडीत कोन हाय?"

गाडी आमच्या हातातून सुटून पुढं गेली. पात्रातला खडक चुकवून वळली, काठाचा चढ चढली. आतून अक्का ओरडली, "आवं, हळू चालवा! तात्यांचा पाय हलतोय!"

आणि गाडी हळू झाली.

आम्ही धावत वर पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. केबिनमध्ये कुणी नाही. दाजी चढले आणि आम्ही मिरजेला पोचलो. तात्यांचा पाय गेला. तात्या राहिले.

परत येताना मी विचारलं, "दाजी, उस्ताद म्हणजे कोण? तुमच्याबरोबर होते का? वारले का लढाईत?"

"मला काय ठावं कोन हाय," दाजी म्हणाले. "ही गाडी आमच्या कंपनीत कवाच नव्हती. थोरलंच कोनतरी असनार, म्हनून उस्ताद म्हनालो."

हँडब्रेक मी पुढं खोलून तपासला. गिअरबॉक्स तपासला. न्यूट्रलमधली गाडी आपोआप गिअरमध्ये जाऊन चढ चढत नाही, खडक चुकवत नाही, बाईनं सांगितलं म्हणून हळू होत नाही. याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आता तर होण्याची आशाही नाही. रात्री कूस बदलताना कधीतरी ते आठवतं आणि मग झोप येत नाही.

तात्यांना मात्र उलगड्याची गरजच वाटली नाही. त्या दिवशी गाडीत ते शुद्धीवर होते, केबिनच्या मागच्या खिडकीसमोर पडलेले. चार शब्द बोलण्याइतकी ताकद आल्यावर खाटेवरून त्यांनी दाजींना पहिलं हेच विचारलं,

"त्या मानसाला जेवायला घातलंसा का?"

"कुठल्या मानसाला, तात्या?"

"तुमी दोघं वाळूत हुतासा तवा गाडी चालवत हुता त्याला."

दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"तसाच उपाशी लावून दिला व्हय?" तात्या म्हणाले आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. "कसली मानसं रं तुमी."