स्पीकरच्या पेटीतला अंधार

सांगायची इच्छा न्हाई, पण नात ऐकत न्हाई. "आबा, तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर मीठमसाला लावीन," म्हणते. घ्या मंग. चहा प्या अन् हसा एकदाचं.

ही मुक्ता पुण्याला प्रयोगशाळेत असते. उन्हाळ्यात शहागडला आली अन् मला शिकवायला बसली. "आबा, चुंबकावर उजेडाचा बारीक झोत मारला की चुंबकाची दिशा उलटते. उलट-सुलट करून त्यात माहिती लिहायची. पुढं गाणे, फोटो असेच साठवतील."

"अन् आपल्या कॅसेटीत काय असतंय?"

"त्या फितीवर बी चुंबकाचीच भुकटी."

मुक्ताच्या बारशाला तिच्या आजीनं, म्हंजे माझ्या बायकोनं, म्हटलेला पाळणा घरातल्या एकाच कॅसेटीत. आजी गेली, आवाज तेवढा उरला. अन् कॅसेट कुठं? खिडकीत, भर उन्हात. उजेडानं लिहिता येतं, तर पुसता बी येतच असंल ना? पोरीला विचारायचं सोडून मी घरभर अंधार हुडकत फिरलो.

मांडवात लाऊडस्पीकर लावायचा माझा जुना धंदा. काय दिवस होते ते. गोदावरीच्या अलीकडं गाणं लावलं की पलीकडच्या गावात वरात नाचायची. त्यातली एक पेटी अजून घरात है. मागची फळी काढली. आत मिट्ट काळोख. कॅसेट आत सरकवली, तर ती स्पीकरच्या पाठीला आपसूक चिकटली. म्हन्लं, बेस झालं, आता हालायची बी न्हाई.

दिवाळीत मुक्ता आमचा बिघडलेला टेप पुण्याहून दुरुस्त करून घेऊन आली. कॅसेट लावली, तर नुसती खरखर.

"आबा, ठेवली कुठं होती?"

"अंधारात."

"कुठल्या अंधारात?"

दाखवलं. पोरीनं पेटीत वाकून बघितलं. "आबा, उन्हानं आवाज पुसत न्हाई. हा स्पीकरमागचा चुंबक पुसतो. जन्मभर हेच स्पीकर वागवले ना तुम्ही?"

फीत तशीच चालू राह्यली. खरखर, खरखर, अन् पार शेवटी, चुंबकापासनं वाचलेल्या तुकड्यात, मुक्ताची आजी एकदम साफ बोलली, साऱ्या बायांसमोर. "ह्यांच्या हाती देऊ नका गं ती कॅसेट. सगळं पुसून ठिवतील."

मुक्ता हसून हसून लोळली. मंग डोळे पुसत म्हन्ली, "आजीला तेव्हाच ठाव होतं."

पाळणा गेला तो गेलाच. तेवढं एक वाक्य मी आता रोज लावतो. तिचं खरं निघालं, मान्य. पण भर बारशात, बायकांच्या घोळक्यात नवऱ्याला असं बोलतात का? तिनं मागायची माफी बाकी है ती है. जन्मभर जिचं नाव तोंडानं घेतलं न्हाई, तिचं आज मी बी चारचौघांत घेतो: सरूबाई.